प्रसारणास अयोग्य

माझ्याकडे प्लेअर नाही.
एकच रेकॉर्ड आहे,
आणि रविवारचे साडेचार.

परभणीत, स्टेशन रोडला, टायरवाल्याच्या माडीवर
मुख्तारभाईंची खोली.
जिना चढतानाच कळतं
भांडण कुठवर आलंय.

आज रिठ्यावर.
चिद्रवार म्हणतात, रिठ्याचं पाणी, जुनी मलमल,
आणि पुसायचं खाचांच्या वाटेनं, गोल, आडवं कधीच नाही.
गजभारे सर म्हणतात, रिठा केसाला लावा.
चिद्रवारांना केस नाहीत.
मुख्तारभाई कोपऱ्यात
सायकलच्या ट्यूबमधून पट्टा कापत बसलेले:
"लडो लडो. पहले इसको घूमने तो दो."
पट्टा चढवला, तबकडी डगमगली, मग सरळ झाली.
"बनी तो बनी," ते म्हणाले,
आणि पुढचं आम्ही सगळे म्हणालो.

सरांनी पूर्णेच्या भंगारातून कव्वाली आणलेली,
उशीच्या खोळीत, लेकराला दवाखान्यात न्यावं तशी.
चिद्रवारांचा नेहमीचा मारवा.
सतराव्या मिनिटाला तबलजी खोकतो.
चिद्रवार त्याआधीच बोट वर करून बसतात,
आणि खोकला आला की आमच्याकडे असे बघतात
जणू घरचं पोरगं बोर्डात आलंय.
"सीडीत हा खोकला काढून टाकलाय," ते म्हणतात.
"कामून काढला? माणूस होता ना तिथं?"

"तुमची कवा लावायची, ताई?"
दर रविवारी विचारतात.
एकोणीस रविवार मी ती नुसती मांडीवर घेऊन बसले.

वडील आकाशवाणीत शिपाई होते.
रद्दीत निघालेली, त्यांनी मागून घेतली.
पाकिटावर लाल शाईत कुणीतरी नीटस अक्षरात लिहिलंय:
बाजू दोन, तिसरी पट्टी, प्रसारणास अयोग्य.

आणि आमच्या घरात तेवढीच पट्टी लागायची.
बाई छान चढत जायची, चढत जायची,
आणि सुई अडायची.
ये
ये
ये
ये
शेजारच्या मथुराबाईंची शेळी
दोनदा दारात येऊन उभी राहिली.
वडील ओल्या हातानं उठून सुई उचलायचे.
"एवढंच आहे," म्हणायचे.
मग प्लेअर बहिणीच्या लग्नाच्या खर्चात गेला
आणि मी मोठी झाले तेवढंच धरून:
गाणं म्हणजे एका बाईनं कुणालातरी
पुन्हा पुन्हा बोलावणं.

आज लावली.
अडली. तिथंच.
मुख्तारभाईंनी खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं,
सुईच्या डोक्यावर ठेवणार, तर चिद्रवार ओरडले:
"खाच खरवडून निघंल! आठ आणे पुरेत!"
"आठ आणे चलते कां अब?"
"चालायचे नाहीत. ठेवायचेत."
सरांच्या पाकिटात निघाले आठ आणे,
कशाला जपले होते त्यांनाच माहीत.

ये
ये
आणि सुई
पलीकडे.

येऊ नकोस, म्हणत होती बाई.

येऊ नकोस आता, दिवे लागलेत,
माणसं बसलीत ओसरीवर.
मग व्हायोलिनचा एक बेताचा तुकडा,
पुन्हा मुखडा, आणि संपलं.
सगळं मिळून चाळीस सेकंद.

कुणी काही बोललं नाही.
खाली टायरमध्ये हवा भरायचा आवाज.
मग चिद्रवार म्हणाले, व्हायोलिन किंचित उतरलंय,
सर म्हणाले, व्हायोलिन नाही, तुमचा पट्टा ढिलाय,
मुख्तारभाई म्हणाले, पट्ट्याला नाव ठेवायचं नाही,
आणि पुन्हा सुरू झालं.

मी शेळीचा विचार करत होते.
ती उगीच आली होती दोन्ही वेळा.

"परत लावा," मी म्हणाले.
मुख्तारभाईंनी सुई उचलली.
"नाणं काढून लावा."